आयनॅचरलिस्ट : संवर्धनावर लिहिणाऱ्याच्या झोळीत असावं का?

संवर्धन-लेखन किंवा पर्यावरण जनजागृतीत काम शोधणाऱ्याला पहिला सल्ला हमखास मिळतो तो असा : ‘आयनॅचरलिस्टवर खातं उघड.’ आयनॅचरलिस्ट म्हणजे दिसलेल्या सजीवांच्या नोंदी टाकण्याचं आणि एकमेकांच्या मदतीने त्यांची ओळख पटवण्याचं अ‍ॅप आणि संकेतस्थळ. सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. खातं उघडून बहुतेक जण फोटो टाकतात. हजारभर नोंदी झाल्या की तो आकडा बायोडेटात चढतो, आणि मुलाखतीत समोरच्याने ‘बरं, मग?’ असं विचारलं की पुढे काही सुचत नाही. म्हणून इथे अ‍ॅपकडे हौशी निसर्गप्रेमीच्या नजरेने बघितलेलं नाही. ज्याला निसर्गाबद्दल लिहून किंवा लोकांना निसर्गापर्यंत नेऊन पोट भरायचं आहे, त्याला यातून नेमकं काय मिळतं आणि कुठे फसायला होतं, एवढंच बघायचं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. फोटो चढवण्याचं साधन म्हणून अ‍ॅप चांगलं आहे, पण पेशाच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘आयडेंटिफाय’चं पान. तिथे इतरांच्या नोंदी ओळखाव्या लागतात, चुकलं तर जाहीरपणे मान्य करावं लागतं आणि दोन ओळींत कारण द्यावं लागतं. संपादक आणि संस्था जे कौशल्य शोधत असतात ते हेच.

थोडी पार्श्वभूमी. २००८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून हे सुरू झालं. २०१४ मध्ये ते कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या छत्राखाली गेलं, २०१७ पासून नॅशनल जिओग्राफिक सोसायटीही सोबत आली आणि २०२३ मध्ये आयनॅचरलिस्ट स्वतंत्र ना-नफा संस्था झालं. वापर फुकट, जाहिराती नाहीत. या क्षेत्रात उमेदवारी करणाऱ्याच्या खिशाचा विचार केला तर ही बाब छोटी नाही.

एक नोंद, जवळून

नोंदीला चार गोष्टी लागतात : काय दिसलं, कुठे, कधी, आणि पुरावा म्हणून फोटो किंवा आवाज. यातलं तारीख, ठिकाण किंवा पुरावा यांपैकी काही नसेल, किंवा प्राणी पाळीव अथवा झाड लावलेलं असेल, तर नोंद ‘कॅज्युअल’ या अडगळीत जाते. सगळं जागेवर असेल तर ती ‘नीड्स आयडी’ म्हणून इतरांसमोर येते. ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांपेक्षा जास्त लोक प्रजातीवर एकमत झाले, आणि असे किमान दोघं असले, की ती ‘रिसर्च ग्रेड’ होते.

इथे गणित नीट समजून घ्यावं. दोघांनी एकच नाव दिलं की काम झालं. तिसऱ्याने उघड असहमती दाखवली तर तीनपैकी दोन म्हणजे बरोब्बर दोन-तृतीयांश. नियम ‘त्यापेक्षा जास्त’ असा आहे, त्यामुळे नोंद खाली येते. चौथ्याने पहिल्या दोघांची बाजू घेतली की चारपैकी तीन होतात आणि ती पुन्हा वर चढते. शिवाय त्या दोघांत नोंद टाकणारा स्वतःही धरला जातो. म्हणजे नोंदकर्त्याने अ‍ॅपने सुचवलेलं नाव निवडलं आणि एका अनोळखी माणसाने त्याला दुजोरा दिला, एवढ्यावर ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का बसू शकतो. लेखात ‘संशोधन-दर्जाच्या नोंदीनुसार’ असं लिहिताना या शब्दामागे दोनच माणसं असू शकतात, आणि त्यातल्या एकाला त्या प्राण्यातलं काही कळत नसू शकतं, हे ध्यानात ठेवायचं.

याहून वाईट प्रकार सौजन्यातून घडतो. कोणी जाणकार नवख्याच्या नोंदीवर नाव सुचवतो. नवखा ‘धन्यवाद’ म्हणायचं म्हणून ‘अ‍ॅग्री’ दाबतो. त्याने स्वतः काही तपासलेलं नसतं, पण हिशेबात त्याचं मत दुसरं मत म्हणून धरलं जातं. जनजागृतीचा कार्यक्रम घेणाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत सांगायची गोष्ट असेल तर ही : आभार मानायचे तर प्रतिक्रियेत लिहा, बटण दाबू नका.

आता फोटो. ओळख पटते ती पुराव्यावर, आणि पुरावा कुठल्या भागाचा हवा हे गटागणिक बदलतं. फुलपाखराचे पंख वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत; कित्येक जोड्या फक्त खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरून वेगळ्या करता येतात. अळंबीचा फक्त टोपीचा फोटो जवळजवळ निरुपयोगी. खालच्या पटलांचा, देठाचा आणि देठाच्या तळाचा फोटो हवा. झाडाचं फूल समोरून सगळे काढतात. बाजूने आणि मागून काढत नाहीत, आणि पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक हे टिपत नाहीत. कोळ्याच्या चेहऱ्यावरची डोळ्यांची मांडणी, चतुराच्या छातीची बाजू, बेडकाचा आवाज, अशी यादी वाढत जाते. एका नोंदीत २० फोटो जातात, त्यामुळे कंजुषी करायचं कारण नाही. फक्त ते सगळे एकाच जीवाचे हवेत. एका नोंदीत फूल, त्यावरची माशी आणि मागचा पक्षी कोंबणारे लोक रोज भेटतात. अशी नोंद शिस्तीत वेगळी केल्याशिवाय तिचं काहीच होत नाही.

हा तपशील लेखकाला कशाला? कारण हीच नजर वर्णनात उतरते. ‘एक सुंदर पिवळं फुलपाखरू’ आणि ‘पंखाच्या खालच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांची ओळ असलेलं पिवळं फुलपाखरू’ या दोन वाक्यांतलं अंतर म्हणजे संवर्धन-लेखनातलं निम्मं शिक्षण आहे.

ओळख पटवण्याचं पान

‘आयडेंटिफाय’ वेबवर उघडावं. फोनवर ते काम मनासारखं होत नाही. गट आणि प्रदेश निवडला की नीड्स आयडी नोंदींची रांग समोर येते आणि कीबोर्डवरच्या एकेका कळीने पुढे जाता येतं. सुरुवात करणाऱ्याने प्रजातीच्या मागे लागू नये. ‘अज्ञात’ म्हणून पडलेल्या नोंदींना निदान ‘कीटक’, ‘सपुष्प वनस्पती’, ‘बुरशी’ एवढं नाव दिलं तरी त्या योग्य जाणकारांच्या गाळणीत जातात. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं कौतुक होत नाही, आणि महिनाभर रोज अर्धा तास केलं तर कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून जातं.

त्यानंतर एक छोटा गट धरावा. सगळे पक्षी नकोत. फक्त खंड्या कुळ, किंवा फक्त भुंग्यांचं एखादं कुळ. सहा महिन्यांत त्या गटातल्या नेहमीच्या चुका पाठ होतात आणि मग आपोआप लेख सुचतात : लोक ‘क’ला ‘ख’ का समजतात, नर-मादीत घोळ का होतो, पिल्लू वेगळी प्रजाती का वाटते. ओळख देताना फक्त नाव टाकून पळू नये. ‘शेपटीच्या कडेची पांढरी पिसं दिसतायत, म्हणून हे नाव’ असं एक वाक्य लिहावं. समोरचा चिडलेला असो, लहान मुलगा असो, की त्या विषयातला डॉक्टरेटवाला, त्याच दोन ओळी तिघांना चालल्या पाहिजेत. जनजागृतीची भाषा घडते ती इथे.

नोकरीच्या अर्जात हेच दाखवायचं. ‘१,२०० नोंदी’ या ओळीने कोणी हलत नाही. त्याच्यापेक्षा ‘अमुक गटातल्या ३,००० नोंदींची ओळख तपासली, वारंवार होणाऱ्या चुकांवर सचित्र टिपण लिहिलं’ ही ओळ वजनदार. असं टिपण अ‍ॅपवरच ‘जर्नल’ म्हणून लिहिता येतं आणि त्याचा दुवा अर्जाला जोडता येतो.

अ‍ॅपची अक्कल

२०१७ पासून फोटो बघून नाव सुचवणारी यंत्रणा आहे. ती हुशार आहे, पण तिला माहीत असलेल्याच जगात हुशार आहे. एखाद्या प्रजातीचे साधारण शंभरभर फोटो जमा झाल्याशिवाय ती प्रजाती यंत्रणेच्या ओळखीत येत नाही. मग कमी फोटो असलेल्या प्रजातीचं काय होतं? यंत्रणा ‘माहीत नाही’ म्हणत नाही, तिच्यासारखी दिसणारी, भरपूर फोटो असलेली दुसरी प्रजाती पुढे करते. म्हणजे सर्वाधिक चुका होतात त्या दुर्लक्षित गटांत आणि दुर्लक्षित प्रदेशांत, आणि संवर्धनाच्या बातम्या बऱ्याचदा तिथल्याच असतात.

यावर उपाय साधा आहे. यंत्रणा वर ‘हे या वंशातलं असावं याची बरीच खात्री आहे’ असं सांगते (वंश म्हणजे प्रजातीच्या वरचा गट) आणि खाली प्रजातींची यादी देते. वरची ओळ घ्या, खालची यादी सोडा. वंशावर थांबलेली नोंद ही चुकीच्या प्रजातीवर गेलेल्या नोंदीपेक्षा कधीही बरी. ‘जवळपास अपेक्षित’ हा शिक्काही शंभर टक्के भरवशाचा नाही. तो त्या भागातल्या आधीच्या नोंदींवर उभा असतो, आणि आधीच्या नोंदींत चूक असेल तर तीच चूक पुढे चालते.

अ‍ॅपच्या करामतीपलीकडची एक बाजूही सांगायला हवी. २०२५ च्या जूनमध्ये गूगलच्या दानशाखेकडून जनरेटिव्ह एआयसाठी अनुदान घेतल्याची घोषणा झाली, तेव्हा वापरकर्त्यांत मोठा गदारोळ उठला. कित्येकांनी खाती बंद करण्याची भाषा केली. तंत्रज्ञान बरं की वाईट हा वाद बाजूला ठेवू. संवादाच्या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्याने ती घोषणा आणि त्यावरच्या प्रतिक्रिया अभ्यासासाठी जरूर वाचाव्यात. फुकट श्रम करणाऱ्या लोकांना निर्णय नंतर कळला की काय होतं, याचा याहून स्वच्छ नमुना मिळणं कठीण.

ठिकाण लपवणं

याबाबत अ‍ॅपला चांगले गुण द्यावे लागतील. धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण ते आपणहून धूसर करतं : अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी एक बिंदू दाखवतं. विषुववृत्ताजवळ त्या चौकोनाची बाजू सुमारे २२ किलोमीटर भरते. अशा नोंदीची तारीखही इतरांना पूर्ण दिसत नाही, फक्त महिना आणि वर्ष दिसतं, म्हणजे त्याच दिवशीच्या त्याच माणसाच्या उघड्या नोंदींवरून माग काढता येऊ नये. कुठलीही नोंद नोंदकर्ता स्वतःही धूसर किंवा पूर्ण खासगी करू शकतो. घराच्या अंगणातल्या नोंदींसाठी, आणि विशेषतः मुलांच्या नोंदींसाठी, ही सोय वापरलीच पाहिजे.

पण यंत्र लपवतं आणि लेखक सांगून बसतो. नोंद धूसर असते, लेखात मात्र ‘धरणाच्या पूर्वेकडच्या देवळामागच्या कड्यावर’ असं लिहिलेलं असतं, किंवा फोटोच्या कोपऱ्यात ओळखू येणारा पूल असतो. यात धोका किती, हे बघायचं तर इंडोनेशियातल्या रोटी बेटावरचं लांब मानेचं कासव आठवावं. १९९४ मध्ये ती स्वतंत्र प्रजाती म्हणून जाहीर झाली आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला इतकी मागणी आली की थोड्याच वर्षांत ती जंगलातून जवळपास नाहीशी झाली. ऑर्किड, मांसाहारी वनस्पती, सरडे, कासवं, घुबडांची घरटी यांच्याबद्दल लिहिताना जिल्ह्याच्या खाली उतरू नये. संपादकाने ‘वाचकाला जागा हवी असते’ म्हणून आग्रह धरला तरी.

कार्यक्रम घ्यायचा असेल तर

जनजागृतीच्या नोकरीत ‘बायोब्लिट्झ’ घ्यायची वेळ लवकरच येते : ठरलेल्या वेळात, ठरलेल्या जागेत, दिसेल त्या प्रत्येक सजीवाची नोंद. ही कल्पना १९९६ मध्ये वॉशिंग्टन डीसीतल्या केनिलवर्थ उद्यानात पहिल्यांदा राबवली गेली, तेव्हा हे अ‍ॅप नव्हतं. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून २०१६ मध्ये निघालेली सिटी नेचर चॅलेंज ही शहरांमधली निसर्गनोंदींची स्पर्धा २०१८ पासून जगभर होते आणि तिचं बहुतेक काम आयनॅचरलिस्टवर चालतं.

कार्यक्रम बिघडतो तो मैदानात नव्हे, आदल्या आठवड्यात. आमच्या मते कामाचा क्रम असा ठेवावा. दोन आठवडे आधी नकाशावर जागेची हद्द आखून ‘प्लेस’ बनवावी आणि तिच्यावर ‘कलेक्शन’ प्रकारचा प्रकल्प उघडावा. हा प्रकार म्हणजे जतन करून ठेवलेली गाळणी आहे; हद्द आणि तारखा दिल्या की त्यात बसणाऱ्या नोंदी आपोआप येतात, लोकांना ‘प्रकल्पात टाका’ असं समजावत बसावं लागत नाही. जुना ‘ट्रॅडिशनल’ प्रकार तेव्हाच घ्यावा जेव्हा प्रत्येक नोंदीसोबत जास्तीची माहिती भरून घ्यायची असेल, उदाहरणार्थ झाडाचा घेर.

खाती आदल्या दिवशी घरीच उघडायला सांगावीत. खातं उघडल्यावर ईमेल पडताळावा लागतो, आणि माळावर उभं राहून पासवर्ड आठवत नसलेली पंचवीस माणसं सांभाळणं हा वेळेचा चुराडा आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली आहे का, हे एक फोटो काढून तपासावं. इथे चूक झाली तर ती संध्याकाळपर्यंत लक्षात येत नाही, आणि लक्षात येते तेव्हा शंभर फोटो ठिकाणाविना हातात असतात.

त्यापेक्षा मोठा घात व्हॉट्सअ‍ॅप करतं. ‘सगळे फोटो ग्रुपवर टाका, आम्ही चढवतो’ ही सूचना देणाऱ्या आयोजकाने आपल्या हाताने माहिती पुसलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली तारीख आणि ठिकाण निघून जातं. मग चढवणारा अंदाजाने पिन मारतो, तारीख पाठवल्याच्या दिवसाची पडते, आणि दहा वेगवेगळ्या लोकांचे फोटो एकाच्याच नावावर जातात. म्हणजे हक्काचा प्रश्न वेगळाच. पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. सर्वांत बरं म्हणजे प्रत्येकाने आपापल्या खात्यातून, वायफायवर आल्यानंतर चढवावेत.

गट आठ ते दहा जणांचा ठेवावा, प्रत्येक गटामागे एक जाणता माणूस. दोन तास पुरेत. पहिली पंधरा मिनिटं एकाच झाडाभोवती उभं राहून वर सांगितलेली फोटोंची उजळणी करावी. लोकांना बिबट्या हवा असतो. त्यांना पानामागची अंडी दाखवावीत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लावलेली झाडं. उद्यानातली, शाळेच्या आवारातली झाडं रानटी म्हणून नोंदवली जातात, जाणकार त्यांच्यावर ‘लावलेलं’ अशी खूण करतात, नोंद कॅज्युअल होते आणि नवखा हिरमुसतो. ‘हे कोणी लावलंय का?’ हा प्रश्न प्रत्येक झाडासमोर विचारायची सवय लावली तर हा सगळा घोळ टळतो. कुंडीत आपोआप उगवलेलं तण मात्र बिनधास्त चालतं, आणि लोकांना ते ऐकून गंमत वाटते.

विद्यार्थ्यांना ‘प्रत्येकी पन्नास नोंदी, नाहीतर गुण नाहीत’ असं सांगून पाठवणं हा या अ‍ॅपवर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. त्यातून काय येतं हे ठरलेलं आहे : धूसर पानांचे फोटो, इंटरनेटवरून उचललेली चित्रं, आणि वर्गमित्राच्या फोटोखाली ‘गाढव’. माणसाची नोंद अ‍ॅप कॅज्युअल करतं, पण तिथवर पोचायला कोणा स्वयंसेवकाचा वेळ जातोच. पन्नासऐवजी पाच मागावेत, प्रत्येकीत तीन कोनांतून फोटो आणि एक ओळ टिपण.

कार्यक्रमानंतरचे दोन दिवस खरे कामाचे. आलेल्या प्रत्येक नवख्याच्या किमान एका नोंदीवर आयोजकाने ओळख किंवा प्रतिक्रिया द्यावी. पहिल्या नोंदीला आठवडाभर कोणी विचारलं नाही तर माणूस परत येत नाही. अहवालात मात्र प्रजातींची संख्या फुगवून सांगण्याचा मोह आवरावा. नोंदी, त्यातल्या पडताळणी झालेल्या किती, सहभागी किती आणि महिन्याभराने पुन्हा नोंद टाकणारे किती, हे चार आकडे द्यावेत. चौथा आकडा लहान असतो, म्हणूनच तो देणाऱ्यावर विश्वास बसतो.

आकड्यांवरून लेख लिहिताना

आयनॅचरलिस्टच्या प्रत्येक प्रजातीच्या पानावर महिन्यावार आलेख असतो आणि पत्रकाराचा हात तिकडे आपोआप जातो. तो आलेख प्रजातीचा नाही, फोन घेतलेल्या माणसांचा आहे. शनिवार-रविवारी नोंदी वाढतात, एप्रिलअखेर सिटी नेचर चॅलेंजमुळे शिखर येतं, रस्त्यांच्या आणि शहरांच्या कडेने नकाशा दाट होतो. दरवर्षी वापरकर्ते वाढत असल्याने जवळजवळ प्रत्येक प्रजातीच्या नोंदी ‘वाढत’ असतात. यावरून ‘अमुक पक्ष्याची संख्या वाढली’ असा मथळा देणं ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य चूक आहे. निदान प्रमाण तरी काढावं : त्या वर्षीच्या त्या भागातल्या सगळ्या फुलपाखरांच्या नोंदींपैकी या प्रजातीच्या किती टक्के. तेही पूर्ण उत्तर नाही, पण खोटं उत्तर नाही.

नसल्याचा पुरावा इथे मिळत नाही, हेही मुळात समजून घ्यावं. पक्ष्यांसाठी २००२ पासून चाललेल्या ईबर्डमध्ये निरीक्षक किती वेळ, किती अंतर चालला आणि दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का, हे लिहितो. त्यामुळे ‘तासभर फिरूनही दिसला नाही’ ही माहिती बनते. आयनॅचरलिस्टवर फक्त ‘दिसला’ असतं. पक्ष्यांच्या संख्येवर लिहायचं असेल तर ईबर्डकडे जावं. कोळी, बुरशी, तण, गोगलगायी यांच्या वाटेला जायचं तर आयनॅचरलिस्टला जोड नाही.

२०१३ मध्ये कोलंबियातून कोणीतरी चढवलेल्या लाल विषारी बेडकाच्या फोटोवरून नवी प्रजाती हाती लागली, ही गोष्ट प्रत्येक जनजागृतीच्या भाषणात येते. गोष्ट खरी आहे आणि छान आहे. पण तिने अपेक्षा भलतीकडे जातात. श्रोत्याला वाटतं, आपणही नवीन काही शोधू. अ‍ॅपचा रोजचा उपयोग मात्र साध्या साळुंकी-गवताच्या हजारो नोंदींत आहे, आणि त्या साध्या नोंदींबद्दल लोकांना उत्साह वाटेल असं बोलता येणं ही खरी कसोटी.

हक्क, श्रेय आणि फोटोचा आकार

नोंदींना आणि फोटोंना नव्या खात्यात आपोआप सीसी बाय-एनसी परवाना लागतो : श्रेय द्या, व्यावसायिक वापर नको. ज्या मासिकाला वर्गणी किंवा जाहिराती आहेत त्यात असा फोटो ‘श्रेय दिलंय ना’ म्हणून छापता येत नाही. फोटोकर्त्याला अ‍ॅपवरूनच निरोप पाठवून लेखी परवानगी घ्यावी. बहुतेक लोक आनंदाने देतात, मात्र न विचारता छापल्यावर तेच लोक रागावतात, आणि रास्त रागावतात. ‘सर्व हक्क राखीव’ असलेला फोटो परवानगीशिवाय कुठेच नाही. श्रेयात नाव, परवाना आणि नोंदीचा दुवा, तिन्ही हवेत. ‘साभार : आयनॅचरलिस्ट’ हे श्रेय नव्हे, कारण फोटो अ‍ॅपने काढलेला नसतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अ‍ॅप फोटोची लांब बाजू २,०४८ पिक्सेलपर्यंत आणून साठवतं. छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते जेमतेम १७ सेंटिमीटर भरतं, म्हणजे मासिकाच्या पूर्ण पानाला कमी. मूळ फाइल आपल्याकडे ठेवावी, आणि दुसऱ्याचा फोटो हवा असेल तर त्याच्याकडून मूळ मागावी.

नोंदींची संख्या लेखात वापरायची असेल तर जीबीआयएफ या जगभरच्या जैवविविधता-नोंदींच्या खुल्या संग्रहावरून घ्यावी. योग्य परवाना असलेल्या रिसर्च ग्रेड नोंदी तिथे नियमित जातात, आणि तिथून माहिती उतरवली की त्या संचाला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो. उद्या कोणी ‘हा आकडा कुठून आणला’ म्हणून विचारलं तर तोच संच दाखवता येतो. आयनॅचरलिस्टच्या पानावरचा आकडा मात्र रोज बदलतो.

लहान मुलांसाठी

आयनॅचरलिस्टवर खात्यासाठी किमान वय १३ आहे. त्याखालच्या मुलांसाठी त्याच संस्थेचं ‘सीक’ घ्यावं. २०१८ मध्ये आलेल्या या अ‍ॅपला खातं लागत नाही, कॅमेरा रोखला की नाव सांगतं, आणि नेटवर्क नसलं तरी चालतं. शाळेच्या सहलीसाठी हे सरस. त्रुटी एवढीच की खातं जोडल्याशिवाय नोंद पुढे कुठेच जात नाही, त्यामुळे ‘मुलांनी विज्ञानाला हातभार लावला’ असं अहवालात लिहिता येत नाही. आणि सीकने सांगितलेलं नाव तपासायला पलीकडे माणूस नाही, हे मुलांना सांगावं.

काय मिळत नाही

मुलाखत कशी घ्यावी, तीनशे शब्दांत प्रस्ताव कसा लिहावा, अनुदानाच्या अर्जात खर्चाचा तक्ता कसा मांडावा, ज्यांच्या जमिनीवर संवर्धन होणार आहे त्या लोकांशी कसं बोलावं, यातलं काहीच अ‍ॅप शिकवत नाही. संवर्धन-लेखनाच्या नोकऱ्या बहुतांशी अशाच कामांच्या असतात : वार्षिक अहवाल, माहितीफलक, पत्रकं, समाजमाध्यमावरच्या पोस्ट. त्यात कमीपणा नाही. ‘सायलेंट स्प्रिंग’च्या लेखिका रेचेल कार्सन यांची सुरुवात अमेरिकेच्या मत्स्य विभागात आकाशवाणीच्या संहिता आणि सरकारी पुस्तिका लिहिण्यातूनच झाली, आणि १९३६ ते १९५२ अशी सोळा वर्षं त्या सरकारी नोकरीत होत्या. पण त्या कामासाठी लेखणी वेगळी घासावी लागते, आणि हे अ‍ॅप फक्त नजर घासतं.

स्थानिक नावांची बाजूही कच्ची आहे. प्रजातीला कोणत्याही भाषेतलं नाव जोडता येतं ही मोठी सोय, पण एकच लोकनाम चार प्रजातींना लागतं आणि एका प्रजातीला गावागणिक पाच नावं असतात, हे अ‍ॅपच्या चौकटीत नीट बसत नाही. पुस्तकात सापडलेलं किंवा स्वतः जुळवलेलं भाषांतर लोकनाम म्हणून घुसडणारे इथे बरेच. लोकांच्या तोंडी नसलेलं नाव टाकू नये. जागा रिकामी राहिली तरी चालेल.

जो कोणी या नोंदींवर बेतलेला लेख छापायला देईल, त्याने शेवटी एवढी टीप जोडावी, आणि संपादकाने ती जागेअभावी कापली तर भांडून परत घालावी : ‘या लेखातील नोंदी अमुक तारखेला जीबीआयएफवरून घेतल्या, डीओआय अमुक. त्या सर्व रिसर्च ग्रेड असून अमुक इतक्या नोंदींचे फोटो या गटाच्या अभ्यासकाकडून पुन्हा तपासून घेतले; त्यातील इतक्या चुकीच्या निघाल्या म्हणून वगळल्या. नोंदींची संख्या प्राण्यांची संख्या दाखवत नाही. संवेदनशील प्रजातींची ठिकाणे जाणूनबुजून दिलेली नाहीत.’